पाण्याचा ठराव मांडणारे रावबहादूर बोले

गडमुडशिंगीतल्या एका घरात ऐकलेली ही गोष्ट आहे. नातीला शाळेत 'पाणी' या विषयावर निबंध लिहायचा होता. सोप्यात वही घेऊन बसलेल्या त्या पोरीने आजीला विचारले, "आज्जी, तुझ्या लहानपणी नळ होता?" आजीने पंच्याऐंशी ओलांडलेली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग आपल्या माहेरचे सांगू लागली.

"नळ कुठला बाई! आड हुता. पर आमी त्येला हात न्हाई लावायचो. घागर खाली ठेवायची आन् लांब हुबं ऱ्हायाचं. कुनाला दया आली तर वरनं वतायची. न्हाईतर ऊन डोक्यावर येस्तवर तसंच. आईबरूबर मी जायाचो. एकदा माझा पाय आडाच्या कट्ट्याला लागला, तवा आईनंच मला मारलं. दुसऱ्यानं मारायच्या आधी तिनंच मारलं."

नातीची लेखणी थांबली. तिने विचारले, "मग आपण पाणी घ्यायचं हे कुणी ठरवलं?"

"बाबासाहेबांनी," आजी म्हणाली.

उत्तर बरोबर आहे. आपल्या घराघरांत हेच उत्तर दिले जाते आणि ते दिलेच पाहिजे. परंतु महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्याच्या साडेतीन वर्षे आधी मुंबई कायदे कौन्सिलात एका माणसाने उभे राहून सार्वजनिक पाणी अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला होता. महाडचा सत्याग्रह त्या ठरावाच्या आधारावर उभा राहिला. त्या माणसाचे नाव रावबहादूर सीताराम केशव बोले. 'बोले ठराव' हे शब्द भाषणांतून आपल्या कानावर पडतात, पण हे बोले कोण, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. म्हणून हा लेख.

गिरणगावातला कार्यकर्ता

सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले. ताडी काढणे हा त्या जातीचा परंपरागत धंदा. कोकणातून मुंबईस आलेल्या या समाजाला अस्पृश्यता भोगावी लागली नाही, पण वरच्या जातींच्या नजरेतला हलकेपणा त्याच्या वाट्याला आला होता. ब्राह्मणेतर चळवळीने अशा समाजांतल्या शिकलेल्या तरुणांना सार्वजनिक कामाची वाट दाखवली. बोले त्या वाटेने आले.

त्या काळची मुंबई कापड गिरण्यांची. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. लोखंडे यांच्यानंतर हे काम पुढे नेणाऱ्यांत बोले होते. १९०९ साली 'कामगार हितवर्धक सभा' स्थापन झाली, तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते. कामगार आणि मालक यांच्या तंट्यांत मध्यस्थी करणे, कामगारांना शिक्षणाकडे वळवणे, दारूपासून दूर ठेवणे, त्यांची गाऱ्हाणी सरकारच्या कानावर घालणे, असे या सभेचे काम होते. गिरणीतला दिवस तेव्हा केवढा असे, याची कल्पना येण्यासाठी एकच गोष्ट पुरे. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांचे काम दिवसाला १२ तासांपर्यंत मर्यादित केले, आणि ती मोठी सुधारणा मानली गेली!

गिरणीतही जातीची भिंत होती. विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. तुटलेला धागा कांडीतून ओढून घेताना तोंड लावावे लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेली कांडी दुसऱ्यांना चालत नसे. जास्त पगाराचे काम त्यामुळे आपल्या माणसांना बंद होते. गिरणगावात काम करणाऱ्या माणसाला हे रोज दिसत होते.

एक सभा आणि एक पुस्तक

बोले यांचा आणि बाबासाहेबांचा संबंध फार जुना. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की, १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचे कौतुक करण्यासाठी जी सभा भरली, तिचे अध्यक्षस्थान बोले यांच्याकडे होते. त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांच्या हातात ठेवले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले, त्याचे बीज त्या पुस्तकात होते, असे आपण मानतो. ज्या सभेत ते पुस्तक दिले गेले, तिथे पुढे पाण्याचा ठराव मांडणारा माणूस हजर होता.

४ ऑगस्ट १९२३

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांच्या कायदे कौन्सिलांना थोडे अधिकार मिळाले. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. म्हणजे शाळा, दवाखाने, म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डे यांच्याविषयी प्रश्न विचारण्यास लोकांच्या प्रतिनिधींना जागा मिळाली. मतदानाचा हक्क मात्र मालमत्तेवर ठरत असे. त्यामुळे गिरणी कामगार आणि शेतमजूर बहुतेक मतदार यादीच्या बाहेरच राहिले. अस्पृश्यांचा प्रतिनिधी सरकारने नेमून घ्यायचा, अशी तऱ्हा होती.

अशा कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने वापरण्यास अस्पृश्यांना मुभा असावी, अशी शिफारस त्यात होती.

या ठरावातले 'सार्वजनिक पैसा' हे शब्द नीट पाहावेत. त्यात पोथीचा वाद नाही, दयेची याचनाही नाही. विहीर ज्या पैशातून खोदली तो पैसा सर्वांच्या करातून आला. महारवाड्यातल्या माणसाने मीठ घेतले, कापड घेतले, तेव्हा त्यानेही कर भरला. मग विहिरीचा मालक एकटा गावचा पाटील कसा? धर्माची चर्चा काढली असती तर ती शंभर वर्षे चालली असती. बोले यांनी हिशेबाची वही उघडली, आणि हिशेबाला उत्तर देणे जड गेले.

कोल्हापूरने आधी केले होते

इथे आपल्या भागातल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९२३ साली कोल्हापूर हे वेगळे संस्थान होते. ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणून करवीरच्या गावांना मुंबई कौन्सिलाचा तो ठराव लागूच नव्हता. पण त्यांना त्याची वाट पाहावी लागली नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ सालीच सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांत शिवाशीव पाळू नये, असे हुकूम काढले होते. राजवाड्याच्या पागेत पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला, ही गोष्ट कोल्हापुरात अजून सांगितली जाते.

गडमुडशिंगीपासून माणगाव फार लांब नाही. २१ व २२ मार्च १९२० रोजी तिथे परिषद झाली. तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे शाहू महाराजांनी लोकांना तिथेच सांगितले. महाराज ६ मे १९२२ रोजी गेले. त्यानंतर सव्वा वर्षाने बोले यांचा ठराव मुंबईत मंजूर झाला.

राजाच्या हुकुमात आणि कौन्सिलाच्या ठरावात एक फरक आहे. हुकूम राजाच्या मनावर असतो. राजा चांगला असेल तोवर तो चांगला चालतो. ठराव सर्वांसमोर मांडावा लागतो, त्यावर मते घ्यावी लागतात आणि तो दप्तरात कायम राहतो. दहा वर्षांनीही कोणी तो काढून दाखवू शकतो.

कागद आणि ओंजळ

आता कडू भाग. ठराव मंजूर झाला म्हणून दुसऱ्या दिवशी विहिरी उघडल्या नाहीत. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने अंमलबजावणीचा आदेश काढला. सरकारच्या स्वतःच्या जागांपुरते खातेप्रमुखांना स्पष्ट सांगितले. परंतु म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डे यांच्याबाबतीत कलेक्टरांनी त्यांना सल्ला द्यावा, ठराव स्वीकारणे इष्ट आहे की काय याचा त्यांनी विचार करावा, एवढेच म्हटले. गावातले बहुतेक पाणी तर या स्थानिक संस्थांच्याच ताब्यात! ज्यांनी आडवायचे त्यांनाच विचार करण्यास सांगितले.

बोले यांनी हे पाहिले आणि ते थांबले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, असा त्याचा रोख होता. पुन्हा हिशेबाचीच भाषा. सर्वांच्या पैशातून अनुदान हवे असेल, तर पाणीही सर्वांना द्या.

त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांच्या हक्काचा वाद पेटला. वर्गणी सर्वांची घेता, मग मूर्तीपाशी सर्वांना का येऊ देत नाही, असा तो प्रश्न. तेव्हा प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि बाबासाहेब एका बाजूला उभे होते. म्हणजे बोले सभागृहात एक आणि रस्त्यावर दुसरे बोलणाऱ्यांपैकी नव्हते.

महाडच्या म्युनिसिपालिटीने ५ जानेवारी १९२४ रोजी बोले ठरावाला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केले होते. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे तिथे होती. पण खुले झाले ते कागदावर. तीन वर्षांत अस्पृश्याची घागर त्या तळ्यात बुडाली नाही. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब पुढे आणि हजारो माणसे मागे, असे सारे शिस्तीने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी पाणी घेतले. मागोमाग लोकांनी घेतले. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. देवळात शिरणार असल्याची अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालवल्या गेल्या, आणि १०८ घागरी पाणी काढून पंचगव्याने तळे 'शुद्ध' करण्यात आले.

आणि मग तारीख पाहा. ४ ऑगस्ट १९२७. कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाल्याला बरोबर चार वर्षे झाली होती. त्याच दिवशी महाडच्या म्युनिसिपालिटीने तळे खुले करणारा आपला ठराव रद्द केला. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी झाली, तेव्हा तळे खाजगी असल्याचा दावा लावून कोर्टाचा मनाई हुकूम आणण्यात आला. कोर्टाचा मान राखून बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे थांबवले. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. त्याच मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. तळ्याचा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळापासूनची रूढी असल्याचे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही.

ठराव मोठा की सत्याग्रह, असा वाद घालण्याचे कारण नाही. सत्याग्रह झाला नसता तर ठराव दप्तरात वाळवीने खाल्ला असता. ठराव नसता तर तळ्यावर जाणारे लोक दंगेखोर ठरवले गेले असते. हातात ठराव होता म्हणून ते कायद्याने चालणारे ठरले आणि आडवणारे कायदा मोडणारे.

समुद्रापलीकडचा एक आमदार

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. ज्या काळी ते हे लिहीत होते, त्या काळी अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्याच्या सिनेटमध्ये रॉबर्ट स्मॉल्स नावाचा एक काळा आमदार बसत होता. त्याचा जन्म १८३९ साली गुलाम म्हणून झाला. यादवी युद्धात तो मालकांच्या बाजूच्या 'प्लँटर' या जहाजावर सुकाणू धरत असे. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना त्याने कप्तानाची टोपी डोक्यावर घातली, बायकापोरांना जहाजावर घेतले, किल्ल्यांना ठरलेले इशारे देत तोफांच्या तोंडासमोरून जहाज बाहेर काढले आणि गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या सैन्याच्या हवाली केले.

युद्धानंतर १८६८ साली राज्याची नवी घटना लिहिली गेली. त्या सभेत स्मॉल्स होता, आणि सर्व मुलांना मोफत सरकारी शाळा मिळाव्यात म्हणून तो झटला. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे ज्या राज्यात गुन्हा होता, तिथे हे घडले! पुढे तो राज्याच्या विधिमंडळात आणि नंतर देशाच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला. पण १८९५ साली त्याच राज्यात पुन्हा घटनासभा बसली आणि तिने काळ्यांची मते हिरावून घेणारे नियम केले. म्हातारा स्मॉल्स तिथेही होता. त्याने विरोध केला, पण मतांत तो हरला. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी तो वारला, तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

साउथ कॅरोलिनाने १८६८ ला दिले आणि १८९५ ला काढून घेतले. महाडने १९२४ ला दिले आणि १९२७ ला काढून घेतले. सभागृहात मिळालेला हक्क सभागृहातच परत जाऊ शकतो. म्हणून तिथे आपला माणूस हवा, आणि बाहेर जागी राहणारी माणसेही हवीत.

ठरावातून घटनेत

बाबासाहेबांनी हा धडा पुरता ओळखला होता. १९२७ पासून ते स्वतः मुंबई कौन्सिलात बसले, तेव्हा बोले त्यांचे सहकारी होते. सार्वजनिक पाण्याचा हक्क कोणत्याही म्युनिसिपालिटीच्या लहरीवर राहू नये, यासाठी तो देशाच्या मूळ कायद्यातच घालावा लागणार होता. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेचे पंधरावे कलम काढून वाचा. राज्याच्या पैशातून पूर्णपणे वा अंशतः चालवलेल्या किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरात जात, धर्म, लिंग अशा कारणांवरून कोणासही आडकाठी करता येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. बोले ठरावातला 'सार्वजनिक पैसा' इथे पुन्हा भेटतो. मात्र १९२३ साली तो शिफारशीत होता, १९५० साली तो मूलभूत हक्कात आला. सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने ती पाळणाऱ्याला शिक्षा ठरवली, आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला.

आपल्या घरासाठी

या लेखाचा आपल्या माताभगिनींशी काय संबंध, असे कोणी विचारील. सर्वांत जवळचा संबंध त्यांचाच आहे. पाणी भरायला बाईच जात होती. आडापाशी उन्हात उभी राहणारी, शिव्या खाणारी आणि भीतीपोटी आपल्याच लेकराच्या पाठीत धपाटा घालणारी बाईच होती. आज तीच ग्रामपंचायतीत बसते. १९९३ साली अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. आपल्या वस्तीतली बाई निवडून आली तर सही करून घरी येऊ नये. प्रोसिडिंग बुकात काय लिहिले ते वाचायला मागावे. पाण्याच्या योजनेतला पैसा कोणत्या गल्लीत गेला ते विचारावे. ग्रामसभेत ठराव मांडावा आणि त्याची नक्कल घरात जपून ठेवावी. ठरावाची किंमत महाडने शिकवली आहे, आणि नुसत्या ठरावाची किंमतही महाडनेच शिकवली आहे.

दुसरी गोष्ट कृतज्ञतेची. बोले आपल्या जातीचे नव्हते. त्यांच्या घरच्या बाईला कोणी आडापासून दूर उभे केले नव्हते. तरीही त्यांनी तो ठराव मांडला, आणि सरकारने पळवाट काढली तेव्हा दुसरा मांडला. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आहे तो तिथेच राहील. पण २० मार्चला महाडची गोष्ट सांगताना लेकरांना एवढे जरूर सांगावे की, त्या दिवसाच्या मागे ४ ऑगस्ट १९२३ हा एक दिवस होता.

गडमुडशिंगीच्या त्या नातीने निबंध पूर्ण केला. शेवटी तिने दोन तारखा लिहिल्या आणि दोन्ही नावे लिहिली. आजीला वाचता येत नाही, म्हणून पोरीने तिला मोठ्याने वाचून दाखवले. आजी ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चांगलं लिवलंस. आता माज्या आईचंबी नाव घाल त्यात. पानी तिनं वाह्यलं."

पोरीने नाव लिहिले.